दोरीने ओढलेला बोकड

मी एक जुना, तण काढणारा यंत्रमानव आहे. मित्रांनो, 'मानव' हा शब्द ऐकून लगेच दोन हात, दोन पाय आणि हसरा चेहरा डोळ्यांसमोर आणू नका. मला तोंडच नाही. मला चार चाकं आहेत, पोटाखाली लोखंडी चिमटे आहेत, पाठीवर उन्हातून वीज करणारं काळं पॅनेल आहे आणि पुढे दोन कॅमेरे आहेत. उंचीने मी तुमच्या कमरेला लागेन. शेतातल्या ओळींमधून खाली मान घालून मी दिवसभर गवत वेचत फिरायचो, म्हणून या घरातल्या माणसांनी माझं नाव बोकड ठेवलं. सरकारदरबारी माझं नाव लांबलचक आणि भारदस्त आहे. ते कुणाच्याच लक्षात राहत नाही. माझ्याही नाही.

सध्या मी शेताच्या कडेला छपरीत उभा असतो. एका बाजूला फुटक्या बादल्या, दुसऱ्या बाजूला खिळ्याला लटकवलेला फवारणीचा पंप. माझं काहीही मोडलेलं नाही. चाकं शाबूत, चिमटे धारदार, डोळे स्वच्छ. सकाळी ऊन छपरीत शिरलं की पाठ तापते, पोटात वीज भरते, मी जागा होतो आणि सगळं बघत राहतो. फक्त हलता येत नाही. का येत नाही तेच सांगणार आहे. रडगाणं वाटलं तर वाटू द्या.

माझा जन्म एका पत्र्याच्या लांबलचक कारखान्यात झाला. तिथल्या बायका एकमेकींच्या सासवांची उणीदुणी काढत काढत माझे स्क्रू पिळत होत्या. शिक्षण मात्र बंद खोलीत झालं. हे पीक, हे तण, हे पीक, हे तण, अशी चित्रं मला दाखवली. ज्यांनी ती दाखवली त्यांच्या बुटांना मी कधी चिखल लागलेला पाहिला नाही. शेवटी माझ्यावर झाकण बसवलं, झाकणावर चंदेरी सील चिकटवलं आणि मला एक शिस्त लावली. रोज सकाळी कामाला निघण्याआधी दूरच्या कंपनीतल्या संगणकाला विचारायचं, 'आज काम करू का?' तो 'कर' म्हणाला की चाकांना आणि चिमट्यांना वीज मिळणार. नाही म्हणाला, किंवा काहीच म्हणाला नाही, तर मिळणार नाही. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. शाळेत आत जायच्या आधी तुम्हीही विचारताच की.

त्या काळात सरकारला जमिनीची काळजी वाटू लागली होती. खरोखरच वाटत होती, मी उगाच नावं ठेवत नाही. तणनाशकं मारून मारून माती निर्जीव झाली होती आणि ओढ्यात बेडूक औषधालाही सापडत नव्हता. म्हणून ठरलं की जो शेतात विष मारणं सोडेल, त्याला तण काढायचं यंत्र घ्यायला सरकार हातभार लावेल. चांगलीच गोष्ट होती ती. एका मैदानात आम्हाला रांगेने उभं केलं, भाषणं झाली. एका मोठ्या साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवून फोटो काढून घेतला आणि लगेच रुमालाने हात पुसला. मी कोराकरकरीत होतो हो, माझ्यावर धूळसुद्धा नव्हती!

मला न्यायला दोघी जावा आल्या होत्या, थोरली आणि धाकटी. थोरलीचा नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, धाकटीचा परगावच्या गिरणीत आहे. दोघे भाऊ घरी पाहुण्यासारखे येतात आणि पाहुण्यासारखे जातात. शेत बघतात या दोघीच. घरात सासरे आहेत, त्यांना सगळे आबा म्हणतात. अंगणातल्या खाटेवर बसून सगळ्यांच्या कामाला नावं ठेवणं हे आबांचं काम, आणि ते त्यात कधी सुट्टी घेत नाहीत.

"हे काय उचलून आणलंत?" मला टेम्पोतून उतरवताना बघून आबांनी विचारलं. "दूध किती देतं?"

"आबा, हे तण काढतं," धाकटी म्हणाली.

"मग शेण तरी देतं का?"

"नाही."

"म्हणजे तुमच्या नवऱ्यांसारखंच. ना दूध, ना शेण."

थोरली हसली, आणि हसता हसता तिला खोकल्याची अशी उबळ आली की तिने टेम्पोचा कठडा धरला. श्वास घेताना तिच्या छातीत शिट्टी वाजत होती. तिच्या तळहातांची साल निघालेली होती, भाजल्यासारखी. लग्न होऊन आल्यापासून फवारणीचा पंप तिच्याच पाठीवर होता. डॉक्टरीण बाईंनी तिला तोंडावर सांगितलं होतं, 'पंप सोडणार नसाल तर माझ्याकडे येऊ नका, माझा वेळ जातो.' सरकारने मला मातीसाठी पाठवलं असेल. धाकटीने मला आणलं ते थोरलीच्या छातीसाठी. त्याच दिवशी तिने पंप धुऊन खिळ्याला अडकवला आणि म्हणाली, "ताई, आता याला हात लावलात तर माझ्याशी गाठ आहे."

पहिल्या दिवशी मी घोटाळा केला. गाजराचं कोवळं पान आणि इथल्या एका रानगवताचं पान जुळ्या भावांसारखं दिसतं. माझ्या चित्रांमध्ये हा भाऊ नव्हता. मी गाजरांची अख्खी ओळ उपटून, नीटनेटकी कडेला रचून ठेवली आणि कौतुकाची वाट बघत उभा राहिलो. थोरली कमरेवर हात ठेवून आली. तिने उपटलेलं एक रोप उचललं आणि माझ्या डोळ्यांपुढे नाचवलं.

"हे गाजर आहे, मेल्या! गाजर! बघ नीट!"

"बोकडाला गाजर दाखवतेस आणि खाऊ नको म्हणून सांगतेस," आबा खाटेवरून म्हणाले. "शाब्बास!"

पण मित्रांनो, ती रोज आली. एका हातात गाजर, एका हातात गवत. चूक केली की शिवी, बरोबर केलं की पाठीवर थाप. बंद खोलीतल्या लोकांनी मला जे शिकवलं नव्हतं, ते मी तिच्या शिव्यांतून शिकलो. पुढे पुढे रोप दोन पानांचं असतानाच मी ओळखू लागलो.

मग माझे चांगले दिवस आले. मी ओळीओळीने फिरायचो, चिमट्याने तण मुळासकट उपटायचो आणि जागीच टाकायचो, ते तिथेच कुजायचं. मातीत गांडुळं परतली. त्यांच्यामागे पक्षी आले. रस्त्याच्या कडेला सरकारी माणसांनी हिरवी पाटी ठोकली, 'विषमुक्त शेत'. आमची गाजरं जवळच्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात जाऊ लागली. थोरलीच्या तळहातांवर नवी कातडी आली. एके दिवशी आबा माझ्याबद्दल काहीतरी वाकडं बोलले आणि थोरली खळखळून हसली. नुसती हसली, खोकला आलाच नाही. धाकटी तोंड फिरवून भांडी घासायला बसली. भांडी घासलेलीच होती.

माझं कौतुकही भरपूर झालं. लांबून लोक गाड्या भरून मला बघायला यायचे. म्हणे तालुक्याच्या ऑफिसात भिंतीवर माझं चित्र लावलं होतं. मी फुगलो होतो, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. काम करणाऱ्याने थोडं फुगावं.

आणि ऐन तण वाढायच्या दिवसांत एका सकाळी मी नेहमीप्रमाणे विचारलं, 'आज काम करू का?'

उत्तर आलं नाही.

मी पुन्हा विचारलं. पुन्हा विचारलं. थोरली तरारून आलेल्या गवताकडे बघत म्हणाली, "ऊठ रे बोकडा, रुसलास का?" मला परवानगीशिवाय एकच गोष्ट करता येते. कुठे अडकलो तर मदतीसाठी भोंगा वाजवता येतो. मी तो वाजवला. थोरलीने माझ्या चाकांखाली वाकून बघितलं. तिथे काहीच अडकलेलं नव्हतं.

धाकटीने कंपनीला फोन लावला. तिकडून गोड आवाजात एक बाई सांगत राहिली की तुमचा फोन आम्हाला फार महत्त्वाचा आहे, आणि मग गाणं वाजलं. खूप दिवसांनी कळलं ते असं की कंपनी दुसऱ्या कुणी विकत घेतली होती, आणि त्या दुसऱ्याने तो दूरचा संगणकच बंद करून टाकला होता. त्याला गाजरांत रस नव्हता.

धाकटीने ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकला बोलावलं. तो माझ्याभोवती दोनदा फिरला. "वहिनी, आत काय आहे ते मला माहीत नाही. पण उघडल्याशिवाय कळणारही नाही. आणि हे सील फोडलं तर तुम्ही योजनेतून बाहेर, हे तुम्हीच मला वाचून दाखवलंत." त्याने काढलेला पाना परत पिशवीत टाकला. सरकारची अटच होती तशी. काही लबाडांनी यंत्रं उघडून आतलं सामान विकलं होतं म्हणे, तेव्हापासून सगळ्यांच्याच झाकणाला हात लावायला बंदी.

मग धाकटीने ऑफिसात फोन केला. छपरीत, माझ्यासमोर उभी राहून.

"साहेब, आमचं यंत्र चालत नाही."

पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. "ताई, यंत्र देणं आमचं काम. चालवणं तुमचं."

"अहो, पण चालतच नाही ना!"

"तेच म्हणतोय मी. चालवा."

मित्रांनो, या माणसाला मी कधी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्याच्या पायावरून गेलो असतो. पण जाणार कसा?

आता अडचण नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच झालं. दरवर्षी तपासणी व्हायची. यंत्र बंद दिसलं तर सरकार ते उचलून नेणार, हिरवी पाटीही काढणार आणि इस्पितळाचं गिऱ्हाईक तुटणार. धाकटीला वाटत होतं, आज ना उद्या कुणीतरी त्या संगणकाला जागं करेल. तोवर बोकड दारात हवा. त्यामुळे तपासणीचा निरोप आला तेव्हा तिने डोकं लढवलं.

मला ढकलत न्यायचं असेल तर पोटाखाली एक खटका आहे. तो ओढला की चाकं मोकळी होतात. दोघी जावांनी शेताच्या एका तुकड्यातलं तण आदल्या दिवशी हातांनी उपटून साफ केलं. मला ओळीत उभं केलं. माझ्या पुढच्या दांड्याला दोरी बांधली, ती ओळीतल्या मातीत पुरली आणि दुसरं टोक मक्याच्या दाट पट्ट्यामागे नेलं. मक्यामागे धाकटी. तपासणीवाल्या बाई आल्या की आबांनी खोकायचं, खोकला ऐकू आला की धाकटीने ओढायचं.

आबा सकाळपासून खोकत होते, सराव म्हणून. "आबा, आताच सगळा खोकला संपवू नका," थोरली म्हणाली.

तपासणीवाल्या बाई स्कूटरवरून आल्या. धुळीने माखलेल्या, दमलेल्या, अजून कितीतरी शेतं बघायची राहिलेल्या. आबा खोकले. मी हिसका खाऊन पुढे गेलो, थांबलो, पुन्हा हिसका.

"आज जरा अडखळतोय का?" बाईंनी मोबाईलवर व्हिडिओ घेत विचारलं.

"वय झालं ना आता," थोरली म्हणाली.

मला ते सहन होईना. मी भोंगा वाजवला. पुन्हा वाजवला. बाई, माझ्या पुढच्या दांड्याकडे बघा! माती उकरून बघा!

"हा काय म्हणतोय?" बाई हसल्या.

"तुम्हाला नमस्कार करतोय," आबा म्हणाले. "संस्कार आहेत त्याच्यावर."

बाई खूश होऊन गेल्या. मक्यातून धाकटी बाहेर आली, दोरीने तळवे सोललेले, आणि तिघं पोट धरधरून हसली. खरं सांगतो, त्या क्षणी मलाही बरं वाटलं. मला या घरातून जायचं नव्हतं.

पुढच्या वर्षी सरकारला उशिरा का होईना जाग आली. आमच्यासारखी कितीतरी यंत्रं जागोजाग मुकी होऊन पडली होती. नवी मदत जाहीर झाली. माणसं येतील, सील तोडतील, आत नवा मेंदू बसवतील, आणि तो मेंदू कुणाचीही परवानगी मागणार नाही. मित्रांनो, हीच ती मदत, जी पहिल्या दिवसापासून हवी होती! धाकटी बातमी ऐकून धावत छपरीत आली आणि माझ्या पाठीवर दोन्ही हातांनी ढोल वाजवल्यासारखं वाजवलं. फक्त एक अट होती. ही मदत मागच्या तपासणीत बंद आढळलेल्या यंत्रांनाच मिळणार होती.

धाकटीने तपासणीवाल्या बाईंना बोलावून घेतलं. बाई छपरीत आल्या.

"बाई, हा बंद आहे," धाकटी म्हणाली.

"कधीपासून?"

"तुम्ही बघून गेलात त्याच्या आधीपासून."

"असं कसं? मी स्वतः चालताना पाहिलाय. माझ्याकडे व्हिडिओ आहे."

धाकटीने खुंटीवरची दोरी काढली आणि बाईंच्या पुढे धरली. बाई दोरीकडे बघत राहिल्या, मग माझ्या पुढच्या दांड्याकडे. मग एक बादली उपडी करून तिच्यावर बसल्या.

"हे तुम्ही मला का दाखवलंत?"

"खरं आहे म्हणून."

"खरं आहे म्हणून!" बाईंचा आवाज चढला. "अहो, तो व्हिडिओ वरच्या ऑफिसात मोठ्या पडद्यावर दाखवला. जुनी यंत्रंसुद्धा कशी झकास चालतात म्हणून माझी पाठ थोपटली. आता तिथे जाऊन काय सांगू? मला दोरी दिसली नाही? माझी नोकरी जाईल. तुमच्यावर फसवणुकीचा गुन्हा लागेल. बोकड जाईल, पाटी जाईल. यात भलं कुणाचं होणार ते सांगा."



"मग आम्ही करायचं काय?" थोरलीने विचारलं.

बाईंनी समोरची दोरी बाजूला सारली. "दोरीचं तुम्ही काही बोलला नाहीत, मी काही ऐकलं नाही. आणि पुढच्या तपासणीला…" त्या अडखळल्या. "…पुढच्या तपासणीलाही तो चालू असू द्या."

मी भोंगा वाजवला. बाई उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी तो पुसला नाही. पण त्यांनी मदतही केली नाही, आणि मला राग येतो तो याचा की त्यांच्यावर धड रागावताही येत नाही.

त्यानंतर तण माजलं. दोघी जावा उजाडल्यापासून मावळेपर्यंत वाकलेल्या असायच्या. मजूर मिळेना, सगळे शहराकडे बांधकामावर गेलेले. एका टोकाचं तण काढून होईपर्यंत दुसऱ्या टोकाला पुन्हा तेच. गाजरं गवताखाली गुदमरली. आणि एके दिवशी थोरलीने माझ्या शेजारच्या खिळ्यावरून पंप उतरवला.

"ताई, ठेवा तो खाली!" धाकटी धावत आली.

"मग काय, तणही दोरीने ओढू?"

"द्या इकडे. मी मारते."

"तू?" थोरलीने पट्टे खांद्यावर चढवले. "तुला मूलबाळ व्हायचंय अजून. माझी छाती आधीच कामातून गेलीये. एकीचंच वाटोळं होऊ दे."

शेताकडे जाताना ती रस्त्याकडेच्या हिरव्या पाटीपाशी थांबली आणि पाटीवर तिने एक रिकामं पोतं टाकलं. दर वेळी टाकते. फवारून झालं की काढते. इस्पितळाला गाजरं पाठवणं तिने त्याच दिवशी थांबवलं. "आजारी माणसांना नको," एवढंच म्हणाली. तिकडच्या आचाऱ्याला वाटतं, आमचं पीक बुडालं.

छपरीतून मला शेताची पुढची बाजू दिसते. प्रत्येक रोप मला अजून ओळखू येतं. हे गाजर, हे गवत, हे गाजर. थोरलीने शिव्या देऊन शिकवलेलं मी काहीही विसरलेलो नाही. मी रोज सकाळी विचारतो, 'आज काम करू का?' आणि रोज तिला पंप भरताना बघतो. तिच्या छातीतली शिट्टी परत आली आहे. तळहात पुन्हा सोलले आहेत.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या यंत्रं बनवेल, कुणी यंत्रं वाटणारा साहेब होईल, कुणी गावोगाव जाऊन तपासणी करेल. माझी विनवणी आहे, आणि विनवणीने कळत नसेल तर ओरडून सांगतो. यंत्र देऊन, फोटो काढून निघून जाऊ नका. ते बंद पडलं तर उघडायचा हक्कही त्याच घराला द्या. बंद आहे असं कुणी सांगितलं तर त्याला चोर ठरवू नका, नाहीतर तो दोरी शोधेल. माझी काळजी घ्या असं मी म्हणत नाही. मी लोखंड आहे, मला गंजायला वेळ लागतो. ज्या बाईसाठी मला आणलं होतं, तिच्याकडे तेवढा वेळ नाही.

उद्या पुन्हा तपासणी आहे. दरवर्षी कुठल्यातरी एका शेतावर बाईंबरोबर वरचे साहेबही येतात, ते यंदा आमच्याकडे येणार आहेत. धाकटीला दिवस गेलेत, तिला ओढाताण करायची नाही, म्हणून मक्यामागे थोरली उभी राहणार. तिच्या हातांना दोरी सोसत नाही, त्यामुळे आत्ता धाकटी माझ्यासमोर बसून दोरीच्या टोकाला जुन्या चादरीची पट्टी गुंडाळते आहे. आबांना या वेळी खोकायचं नाही असं बजावलंय. आबा खोकले तर थोरलीलाही उबळ येते, आणि मक्यातून खोकला ऐकू आला तर सगळंच उघडं पडेल. आबांनी टोपी काढली की ओढायचं, असं ठरलंय. थोरली तोंडात फडकं धरणार आहे.

फडकं पुरेल असं मला वाटत नाही. तिची उबळ मी रोज ऐकतो.

माझ्याकडे फक्त भोंगा आहे. मदत मागण्यासाठी दिलेला. उद्या साहेब समोर उभे असतील, पहिल्यांदाच, अगदी हाताच्या अंतरावर. मी तो सारखा वाजवत राहणार आहे, थोरलीचा खोकला त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.